काळी नदीचा वाटाड्या

ग्रंथाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, क्वचित गायनाच्या बैठकीचेही करावे, असा आमच्या नियतकालिकांचा परिपाठ आहे. सहलीचे परीक्षण कोणी करीत नाही. सहल आवडली तर लोक पुन्हा जातात, न आवडली तर घरी येऊन कुरकुर करतात, आणि तेवढ्यावर विषय संपतो. तथापि अलीकडे ज्या मार्गदर्शित सहली निघू लागल्या आहेत, त्यांचे रूप पाहता त्यांनाही टीकेच्या न्यायासनापुढे उभे करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. अशा सहलीस प्रस्तावना असते, ती रंगीत पत्रकावर छापलेली असते. तिला निवेदक असतो, त्यास गाइड म्हणतात. कोठे थांबावे, कोठे थक्क व्हावे आणि कोठे छायाचित्र काढावे, हे आधीच ठरलेले असते. म्हणजे ती एक रचनाच झाली. आणि रचना म्हटली की तिने काय सांगितले व काय गाळले, हे विचारण्याचा अधिकार वाचकास आपोआप प्राप्त होतो.

गेल्या माघात धारवाडच्या आम्हां काही वकील मंडळींनी सहकुटुंब अशी एक सहल केली. स्थळ होते काळी नदी. धारवाडहून हल्याळ, हल्याळहून दांडेली, आणि तेथून गणेशगुडी. सकाळी चहा घेऊन निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाआधी नदीकाठी पोहोचतो. पत्रकात मात्र नदी 'दुर्गम' होती, अरण्य 'अस्पर्श' होते आणि सर्व प्रदेश सरसकट 'वर्षावन' होता. यांतील एकेक शब्द उलटतपासणीस उभा करण्याजोगा आहे. दांडेलीच्या आसपासचे रान बहुतांशी पानझडीचे आहे. साग, मत्ती, बांबू यांचे. खरे सदाहरित अरण्य पश्चिमेकडे, अणशीच्या बाजूस, घाटाच्या उतारावर लागते. दुर्गमतेविषयी बोलायचे तर मोटार दारापर्यंत जाते. आणि 'अस्पर्श' हे विशेषण काळीइतके दुसऱ्या कोणत्याही नदीस क्वचितच विसंगत ठरावे. दिग्गीच्या परिसरात उगम पावून सुमारे १८४ किलोमीटर वाहत सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रास मिळणाऱ्या या नदीवर सुपे, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणे आहेत. कद्र्याच्या जलाशयाच्या काठी कैगाचे अणुवीज केंद्र आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हिच्याइतकी कामास जुंपलेली नदी दुसरी नाही.

हे पत्रक लिहिणारास ठाऊक नसेल असे नाही. नदीवर पोहोचल्यावर ते आम्हांसही कळले. रबरी तराफे काठावर मांडून ठेवलेले, आम्ही नारिंगी जाकिटे घालून उन्हात बसलेले, आणि नदी गुडघाभर. चौकशी करता उत्तर मिळाले, "अजून पाणी सुटले नाही." वरच्या अंगास सुप्याचे धरण आहे, तेथील वीजगृह चालू झाले म्हणजे पाणी येते, आणि पाणी आले म्हणजे खळाळ जागे होतात. दीड-दोन तासांनी ते आले. पुढचा तासभर मुलांचा आनंद पाहण्यासारखा होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आमच्यांतील एका ज्येष्ठ वकिलांनी तर तराफ्यातून पडून नदीस नकळत मंगलस्नान घातले. परंतु ज्या नदीस पत्रकाने 'उन्मुक्त' म्हटले होते, ती आम्हांस एका कळीच्या इशाऱ्यावर उसळताना दिसली. ही गोष्ट गाइडने सांगितली असती तर सहलीची गोडी कमी झाली नसती. उलट वाढली असती. पण ती त्याच्या पाठात नव्हती. पाठात होते ते असे: वाघ, बिबळ्या, धनेश पक्षी, २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला व २०१५ मध्ये त्यास नदीचे नाव मिळाले, धरणाची उंची १०१ मीटर. सर्व विधाने खरी. फक्त माणूस त्यांत कोठे नव्हता.

वाटेत आम्ही एक दृश्य पाहिले होते, ते येथे सांगितले पाहिजे. हल्याळच्या पुढे रस्त्याच्या कडेने बैलगाड्यांची रांग चालली होती. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाड्यांवर तट्ट्यांचे छप्पर, आत बायकामुले. ती मंडळी उळवीच्या जत्रेस निघाली होती. बाराव्या शतकात कल्याणच्या उत्पातानंतर चन्नबसवण्णा आपल्या शरणांसह या रानात आले आणि उळवीस त्यांनी देह ठेवला; म्हणून धारवाड-बेळगावकडचे लिंगायत भाविक दरवर्षी माघात या वाटेने जातात. रान तेच, जिल्हा तोच, आणि आमच्याप्रमाणे तेही कोणाच्या तरी मागोमाग चाललेले. मग भेद कशात?

आमच्या मते भेद प्रश्नात आहे. यात्रेकरू क्षेत्री गेला म्हणजे प्रथम त्यालाच प्रश्न विचारला जातो. गोकर्णास क्षेत्रोपाध्याय पुढे येतो तो मंदिराची उंची सांगत येत नाही. तो विचारतो, गाव कोणते, गोत्र कोणते, कुलदेव कोणता. संकल्पात नाव, कुळ, देश, काळ यांचा उच्चार झाल्याशिवाय पाण्यास हात लावता येत नाही. म्हणजे आपण कोण, हे सांगून मग नदीपुढे उभे राहायचे. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. दक्षिणेवरून होणारी घासाघीस आणि माहात्म्यातील अतिशयोक्ती आम्ही पुष्कळ पाहिली आहे. पण सहलीच्या कचेरीत आम्हांस फक्त वजन, वय आणि पोहता येते की नाही एवढेच विचारण्यात आले. तेथे प्रश्न विचारण्याचा हक्क आमचा होता, कारण पैसे आमचे होते. आणि आम्हीही वाघ दिसेल काय, यापलीकडे काही विचारले नाही.

काळीच्या पाण्यावर यापूर्वीही जाणत्यांनी सहली केल्या आहेत. त्यांतील एक तर साहित्यात अमर झाली आहे. रवींद्रनाथ ठाकुरांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे कारवारास न्यायाधीश होते. सुमारे १८८३ साली, बाविशीच्या घरातील रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. 'जीवनस्मृति' या १९१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत कारवारावर एक प्रकरण आहे. चांदण्या रात्री लहानशा होडीतून मंडळी काळीतून वर गेली. शिवाजीच्या काळच्या एका गडाजवळ उतरून एका शेतकऱ्याच्या झाडलेल्या, स्वच्छ अंगणात बसून त्यांनी बरोबर आणलेले जेवण घेतले. परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली, आणि नदीमुखाशी उतरून वाळूवरून चालत घर गाठले. त्या निःशब्द रात्री रवींद्रनाथांना झोप आली नाही. त्यांनी कविता लिहिली. भावनेने ओथंबलेल्या क्षणी लिहिलेले उत्तम असतेच असे नाही, हा विवेकही त्यांनी त्याच ठिकाणी नोंदवला आहे.

हे प्रकरण आम्ही अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी त्याच्या शांततेने भारावून गेलो आहो. सहलीहून परतल्यावर ते पुन्हा वाचले, तेव्हा प्रथमच एक शंका मनात आली. ते अंगण कोणाचे? इतके स्वच्छ सारवून-झाडून कोणी ठेवले होते? जिल्हा न्यायाधीशाची मंडळी रात्री अंगणात येऊन बसली, तेव्हा घरधनी कोठे उभा होता? होडी कोणी वल्हवली? त्या चांदण्यात या माणसांवर प्रकाश पडलेला नाही. रवींद्रनाथांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण त्यांनीच त्याचे उत्तर दिले आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. कारवारच्याच मुक्कामात त्यांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य रचले; ते १८८४ साली प्रसिद्ध झाले. सर्व बंध तोडून अनंतास मिळवू पाहणारा संन्यासी एका अनाथ, बहिष्कृत मुलीच्या मायेने पुन्हा माणसांत ओढला जातो; परत येतो तेव्हा ती मुलगी उरलेली नसते. आपल्या पुढील सर्व लेखनाची ही प्रस्तावना होय, असे रवींद्रनाथांनी म्हटले आहे. सांताच्या द्वारानेच अनंतात प्रवेश मिळतो, हे ज्याने या नदीच्या मुखाशी ओळखले, त्याच्या नौकाविहारात तो शेतकरी आलेला नसला तरी नाटकात ती मुलगी आली आहे.

दुसरे नाव काका कालेलकरांचे. सावंतवाडीजवळच्या काळेली गावचे हे घराणे. काकांचा जन्म १८८५ साली साताऱ्यास झाला. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बाळपणाचा काही काळ कारवारास गेला, त्याच्या आठवणी 'स्मरणयात्रे'त आहेत. मातृभाषा मराठी, पण गांधींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले, इतके ते त्या भाषेचे झाले. 'लोकमाता' आणि पुढे 'जीवनलीला' या संग्रहांतून त्यांनी भारतातील नद्यांवर जे लिहिले, त्याला जोड नाही. आमच्या भागातील तर किती तरी: शरावतीवरील जोग, अघनाशिनीवरील उंचळ्ळीचा प्रपात, गोकर्णाची यात्रा.

कालेलकरांच्या नदीलेखनातला एक दोष मान्य केला पाहिजे. नदी दिसली की त्यांना माता दिसते, आणि माता दिसली की संस्कृत विशेषण तयारच असते. विशेषण एकदा बसले की नदीचे दुःख विचारण्याची गरज भासत नाही. मातेने सोसायचेच असते, अशी आमची सर्वांचीच समजूत आहे. ज्या देशात नदीस माता म्हणतात त्याच देशात तिच्यात सांडपाणी सोडतात, याचे कारण कदाचित या विशेषणातच असावे. परंतु कालेलकरांचा एक गुण या दोषास पुरून उरतो: ते पुन्हा जातात. १९२७ साली गांधींबरोबर म्हैसूर संस्थानात असताना त्यांनी जोग पाहण्याचा आग्रह धरला. गांधींनी प्रपाताची उंची विचारली आणि पावसाचे पाणी त्याहून किती तरी उंचावरून पडते, असे सांगून त्यांना वाटेस लावले. कालेलकर गेले. पुढे परत गेले. जोगवर त्यांचे एक नव्हे, तीन लेख आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या शीर्षकातच प्रपात सुका आहे. कोरडा प्रपातही पाहण्याजोगा आहे, त्यावरही लिहिले पाहिजे, असे ज्यास वाटते तो खरा मार्गदर्शक. आमच्या सहलीवाल्यांनी पाणी येईपर्यंतचे दोन तास हे रिकामे तास मानले. वस्तुतः नदीविषयी काही समजण्याजोगे होते ते त्याच दोन तासांत.

आता आमच्या गाइडविषयी. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, चपळ, नम्र. तराफ्यावर तो पाठ केलेल्या हिंदीत बोलत होता, मध्येमध्ये इंग्रजी. परतताना जीपमध्ये तो चालकाशी कोंकणीत दोन शब्द बोलला, आणि आमच्यापैकी एका वहिनींनी त्याला कोंकणीतच विचारले, "तूं खंयचो रे बाबा?" मुलाचा चेहरा पालटला. जीप जोयड्याच्या रस्त्यावर एका वळणाशी आली होती, डाव्या हातास जलाशयाचे पाणी पसरले होते, आणि त्याच्याकडे हात करून तो म्हणाला, "आमचो गांव ह्या उदका पोंदा आसा."

मग जे ऐकले ते कोणत्याही पत्रकात नव्हते. सुपे हे धरणाचे नाव आहे हे आम्हांस ठाऊक होते. सुपे हे एक गाव होते, तालुक्याचे ठाणे होते, बाजार होता, हे आमच्यांतील तरुणांच्या गावीही नव्हते. धरणाचे काम १९७४ पासून १९८७ पर्यंत चालले. पाणी चढले तसे सुपे आणि आसपासची खेडी बुडाली; पुष्कळ लोक रामनगरच्या वसाहतीत गेले; तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. मुलाचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. त्याने सांगितले ते आजीकडून ऐकलेले: देवाची मूर्त गाडीवर घालून नव्या जागी नेली, पण देवाच्या स्नानाची तळी खालीच राहिली, म्हणून त्या घरात अजून देवाच्या स्नानाचे पाणी आणावयाचे तर जलाशयाचेच आणतात.

आमच्या व्यवसायात यास ऐकीव पुरावा म्हणतात, आणि तो सहसा ग्राह्य नसतो. परंतु १८७२ च्या पुरावा कायद्यातील ३२व्या कलमाने एक अपवाद ठेवला होता, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही तो कायम आहे: सार्वजनिक हक्क वा रूढी यांविषयी मृत व्यक्तीने वाद उपस्थित होण्यापूर्वी व्यक्त केलेले मत न्यायालय ऐकून घेते. गावाची शीव, देवाची वाट, पाणवठ्याचा हक्क यांची साक्ष कागदापेक्षा म्हाताऱ्यांच्या तोंडी अधिक असते, हे इंग्रजांच्या कायद्यालाही उमगले होते.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या हाताने मात्र बुडणाऱ्या गावाची किंमत कशी केली, तेही सांगितले पाहिजे. त्या काळी भूसंपादन होई ते १८९४ च्या अधिनियमान्वये. बाजारभाव, आणि सक्तीने घेतले म्हणून त्यावर शेकडा १५ (१९८४ च्या दुरुस्तीनंतर ३०) एवढा मोबदला. ज्याच्या नावे सातबारा अथवा पहाणीपत्रक, त्याला रक्कम. रानातून मध, मुरडशेंगा, वेत आणून पोट भरणाऱ्याचे नाव कोठल्याच पत्रकात नसे. देव मात्र कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली तसा निर्वाळा दिलेला आहे, म्हणून देवाच्या नावची जमीन गेली तर देवासही मोबदला मिळू शकतो. पण तळीचा बाजारभाव काय? पालखी ज्या वाटेने जाई त्या वाटेचा भाव काय? २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने पुनर्वसनाचा विचार केला आहे. तो या लोकांच्या कामी येण्यास पुष्कळ उशीर झाला. २०१७ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेस व्यक्तित्व बहाल केले आणि सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच त्यास स्थगिती दिली. काळीस व्यक्ती मानले तर तिच्यातर्फे साक्ष द्यावयास कोण उभा राहील, हा प्रश्न उरतोच. आणि आमच्यापुढे जीपमध्ये बसलेल्या त्या मुलाहून योग्य साक्षीदार आम्हांस सुचत नाही.

धरण बांधू नये होते, असा निकाल आम्ही देत नाही. हा लेख आम्ही विजेच्या दिव्याखाली लिहीत आहो, आणि त्या विजेत काळीचा वाटा आहे. सहली बंद कराव्यात असेही नाही. त्या मुलाच्या घरात येणारा पगार सहलीचाच आहे. आमची तक्रार एवढीच की, ज्याला नदीचे खरे आत्मवृत्त ठाऊक आहे त्यालाच आम्ही पाठ केलेली परकी वाक्ये बोलावयास लावतो. गाइड आणि वाटाड्या यांत हेच अंतर आहे. वाटाड्या वाटेवरचा असतो. त्याच्या सांगण्यात त्याचे घर येते.

आणि ही तक्रार आमच्यावरही उलटते. जीपमधून उतरताना त्या मुलाने वहिनींना विचारले, "तुमचो देव खंयचो?" त्यांनी सहज सांगितले, "शांतादुर्गा, कवळें. पयलीं केळशी आशिल्ली." तो मान हलवून म्हणाला, "आमच्या देवाचेंय तशेंच जालें." पुढे कोणास काही बोलवेना.

या मासिकाच्या वाचकांस हे विवरून सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकात साष्टीत देवळे मोडू लागली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी देव नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास गेला, त्याच सुमारास केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. कितीएक कुटुंबे त्यानंतर खाली कारवार, अंकोला, कुमठ्याकडे उतरली. त्यांतील बहुतेकांनी हीच काळी ओलांडली असेल. साडेचारशे वर्षांपूर्वी देव कोठून कोठे गेला, हे आमच्या घरातील लहान मूलही सांगते. आणि चाळीस वर्षांपूर्वी, धारवाडपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, आमचीच भाषा बोलणाऱ्यांचा देव गाडीवर चढला, ही वार्ता आम्हांस सहलीच्या गाइडकडून, तीही चुकून, समजली. तेव्हा परकी सत्ता होती आणि येथे आपलेच राज्य, लोकहिताचे काम होते, हा भेद आम्ही जाणतो. मूर्ती उचलणाऱ्याच्या हातांना तो भेद कितपत जाणवला असेल, हे सांगवत नाही.

म्हणून या परीक्षणाच्या शेवटी शिफारस करावयाची ती दोन पक्षांस. सहल काढणाऱ्यांनी पाणी येईपर्यंतचा वेळ वाटाड्याला द्यावा आणि त्याच्या भाषेत बोलू द्यावे. ज्यास कळणार नाही त्यास शेजारचा समजावून देईल. आणि वाचकांपैकी ज्यांचे सुपे, जोयडा, रामनगर या बाजूस नातेसंबंध आहेत, त्यांनी घरातील वृद्धांकडून बुडालेल्या गावांची, देवांची आणि तळ्यांची नावे विचारून लिहून ठेवावीत. कोंकणीत सांगितली तर कोंकणीत, मराठीत सांगितली तर मराठीत. या मासिकाची पाने दोन्ही भाषांची आहेत. ती आजी अजून हयात आहे, असे त्या मुलाने सांगितले. पावसाळ्यापूर्वी आम्ही पुन्हा जाणार आहो. या खेपेस तराफ्यात बसावयाचे नाही.